तपासणीच्या नावाखाली दोन दिवस

महेंद्र,

तुझ्यावर रागवायचं तर 'तू' म्हणूनच रागवावं लागेल. 'अहो' म्हणून नवऱ्याशी भांडता येत नाही, निदान मला तरी कधी आलं नाही. लग्न झाल्यापासून घरात, सोसायटीत, गव्हाणला भावकीत मी तुला 'अहो'च म्हणत आले. 'तू' म्हटलं ते फक्त दोन दिवस, मुंबईत, आणि तेही तूच म्हणायला लावलंस म्हणून. टॅक्सीत बसल्या बसल्या म्हणालास, "इथं कोण हाय ऐकायला? म्हण की तू." मला मेलं जमेचना. फोर्टात पोहोचेपर्यंत जीभ जरा सैल झाली आणि संध्याकाळी तर मी तुला भर रस्त्यात "ए, थांब ना" अशी हाक मारली. तू वळून हसलास. तेव्हा मला तुझं ते हसणं फार आवडलं होतं. आता आठवलं की डोकं फिरतं, कारण हसताना तुला जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं.

गेलेल्या माणसावर इतकं चिडू नये, असं परवा शेजारच्या काकू म्हणाल्या. मी त्यांना चहा दिला. तुझ्या फोटोला रोज हार घालते, दिवा लावते आणि दिवा लावता लावता मनात तुला शिव्या देते. शाळेत फळ्यावर लिहिताना मधेच तुझी आठवण येते तेव्हा डोळे भरून येत नाहीत, खडू मोडतो. मुलांना कळतं. आजकाल माझ्या तासाला वर्ग फार शांत असतो.

आपल्या घराची रीत तुला काय सांगायची, तूच तिचा मोठा भक्त. आपल्याकडे गाडी कधी रिकामी निघत नाही. माणूस देवाला निघो, दवाखान्यात निघो की साडी घ्यायला निघो, गाडीत जागा आहे म्हटल्यावर ती भरायचीच. "जागा हाय ना, मग चला!" लग्नानंतर आपण माथेरानला गेलो तेव्हा तुझी आत्या बरोबर होती, कारण तिनं माथेरान बघितलं नव्हतं. ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये सांगितली की बायका पोट धरून हसतात. मीही हसते. पण त्या लाल मातीत आत्याचा हात धरून चालताना मला रडू येत होतं, हे मी तुला कितीदा तरी सांगितलं आणि दर वेळी तू म्हणालास, "अगं, पण आत्या किती खूश झाली!" महाबळेश्वरला गेलो तर अकरा जण. गोव्याला दोन गाड्या. सिनेमाला गेलो तर आपल्या दोघांच्या मधल्या खुर्चीत हरेशचा धाकटा, पॉपकॉर्नचा डबा घेऊन. एवढा तुझा भावावर जीव, की त्याच्या पोरांना नाही म्हणणं तुझ्या जिवावर यायचं. माझ्या जिवावर काय काय येत होतं ते कुणी विचारत नव्हतं.

आणि मला हवं तरी काय होतं? इतिहासाची बाई मी. दर वर्षी शाळेची बस घेऊन मुंबईच्या त्या घुमटवाल्या म्युझियममध्ये जायचे आणि तिथं बघायचे काय, तर मुलं. कोण मागे राहिलं, कुणी काचेला हात लावला, कुणाला सू लागली. नाणी नाहीत, चित्रं नाहीत, मूर्ती नाहीत, नुसती डोकी मोजायची. मला एकदाच मुलं न मोजता ते म्युझियम बघायचं होतं. मग बाहेर पडून, ज्या खाण्याच्या जागांची नावं मी नुसती पेपरात वाचत होते तिथं बसून निवांत खायचं होतं. तुझ्याबरोबर, दोघांनीच. पनवेलहून मुंबई ती केवढी लांब? लोक इथून रोज नोकरीला जातात. आपल्याला मात्र पंचवीस वर्षं "पुढच्या सुट्टीत बघू" यातच गेली.

जानेवारीत एका संध्याकाळी तू कळंबोलीच्या मार्केटमधून लवकर घरी आलास. लोखंडाच्या धंद्यातला माणूस उजेडी घरी, म्हणजे कुणाचा तरी माल अडकला असणार, असं मला वाटलं. तू स्वयंपाकघरात आलास, ओट्याला टेकलास आणि हळूच म्हणालास, "मुंबईला जायचं का? दोघंच."

"आणि घरी काय सांगायचं?"

"तपासणी. छातीचा फोटो, रक्त, असं काय काय. मोठ्या हॉस्पिटलात दोन दिवस लागतील असं सांगू. आत एकच माणूस घेतात, बाकीच्यांना खाली उन्हात उभं करतात. मग कोण येतोय?"

मी म्हटलं, "आजारपणाचं खोटं नको बाई. भलतंच काही व्हायचं."

"अगं, खोटंच तर हाय," तू म्हणालास.

माझ्या तोंडावर म्हणालास. वर भाजी हलवायला झारा हातात दिलास. आणि मी हसले, कारण मला तुझ्या डोक्याचं कौतुक वाटलं. आपल्या घरात गाडी न भरता निघायची एकच वाट होती आणि ती तू शोधून काढलीस, तीही माझ्यासाठी. मी त्या दिवशी जेवताना तुला आग्रहानं दोन भाकऱ्या जास्त वाढल्या.

निघायच्या सकाळी आईंनी तुझ्या कपाळाला अंगारा लावला. तू त्यांच्या पाया पडायला वाकलास तो बराच वेळ वर उठलाच नाहीस. पुरे आता, असं मी तुला डोळ्यांनी खुणावत होते. काय नट आहे हा माणूस, असं मनात म्हणत होते. हरेश "मी गाडी काढतो, खाली उभा ऱ्हाईन, त्यात काय" म्हणत चपला शोधेपर्यंत आपण लिफ्टमध्ये शिरलो होतो. लिफ्टमध्ये मला हसू आवरेना. तू आरशात बघून अंगारा पुसत होतास, म्हणजे मला वाटलं पुसतोयस. नंतर बघितलं तर तो तसाच होता, दिवसभर.

गव्हाणच्या बाजूनं नव्या सागरी पुलाकडे वळताना तू नेहमीसारखं बोट दाखवलंस, "तिथं आपलं मिठागर होतं." तिथं आता सिमेंटशिवाय काही दिसत नाही, पण दाखवल्याशिवाय तुला पुढे जाता येत नाही. मी नेहमीसारखं "हो का" म्हटलं. फोर्टातल्या छोट्या हॉटेलात काउंटरवरच्या मुलीनं आधार कार्ड बघून विचारलं, "पनवेल? एवढ्या जवळून राहायला आलात?" तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, "घरी पाहुणे फार झालेत." ती मुलगी हसली, मी हसले. माझा सगळा दिवसच हसण्यात चालला होता.

बॅगा टाकून आपण कोपऱ्यावरच्या इराण्याकडे बसलो. बन मस्का आला, चहा आला. तू एक घास घेतलास आणि म्हणालास, "जरा आलो. इथं जवळच एका माणसाला भेटायचंय, मालाचं बोलायचं हाय." मी चिडले. दोघंच म्हणून आलो आणि इथंही मार्केट? "जा," म्हटलं, "आणि वेळ लावलास तर तुझा बन मी खाईन." तू रस्ता ओलांडून गेलास. तू आलास तोवर मी तुझा बन खाऊन टाकला होता. घाम यायचे ते दिवस नव्हते, तरी तुझा शर्ट पाठीला चिकटला होता.

"भेटला का माणूस?"

"नाय भेटला. जाऊ दे. चल, म्युझियम बघू."

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, माल हातचा गेला म्हणून बिचाऱ्याचं तोंड उतरलंय. मी तुझी समजूत काढली. "धंदा काय, उद्या होईल," म्हटलं. तू मान डोलावलीस.

आता पुढचं लिहायला जास्त अवघड जातंय, कारण तो दिवस खरोखर सुंदर होता. तेही तुझ्या पदरात टाकायला हवं. मी पहिल्यांदा त्या म्युझियममध्ये कुणालाही न मोजता उभी राहिले. एका नाण्यासमोर हवा तेवढा वेळ. एका तुटक्या मूर्तीसमोर हवा तेवढा वेळ. पोरीसारखी मी तुला इकडून तिकडे ओढत होते आणि तू येत होतास. चित्रांच्या दालनात तर तू मला चकितच केलंस. मला वाटलं होतं तू कंटाळशील, पण तू एकेका चित्रासमोर बाकड्यावर बसून राहिलास, कितीतरी वेळ, एकटक. या माणसाच्या पोटात एवढी कला होती आणि मला पत्ता नाही, असं मला वाटलं. आता आठवते तेव्हा ध्यानात येतं की ज्या चित्रासमोर बाकडं होतं तेच चित्र तुला आवडत होतं.

बादशहाच्या चिलखतासमोर बाकडं नव्हतं. तिथं तू काचेला हात टेकून उभा राहिलास. "हा माल आपल्या मार्केटातला नाय," म्हणालास. मग म्हणालास, "एवढं लोखंड छातीवर बांधून माणूस चालायचा कसा गं?" आणि मी, शहाणी, तुला चिलखतावर व्याख्यान दिलं. कड्या कशा गुंफतात, वजन खांद्यावर कसं वाटलं जातं. तू सगळं ऐकून घेतलंस. तुझ्याइतका चांगला विद्यार्थी मला शाळेत कधी मिळाला नाही.

भांडण झालं ते जिन्याशी. वरच्या मजल्यावर जुनी वस्त्रं होती, मला तीच बघायची होती. तू म्हणालास, "वर काय असनार, तेच जुनं. तू ये बघून, मी इथं बसतो." माझं टाळकं सटकलं. इतक्या वर्षांनी एकदा आलोय आणि तुला जिना चढायचा कंटाळा? मी म्हटलं, "तुला कशातच रस नाही. तुला फक्त लोखंड आणि भाऊ." तू खालच्या पायरीवर बसलास. मी तरातरा वर गेले आणि रागाच्या भरात सगळी वस्त्रं धड न बघता खाली आले. ते भांडण आपण पुरं केलंच नाही. नंतर पारशी हॉटेलात धनसाक खाताना तू माझ्या ताटात तुझ्यातलं मटण टाकलंस आणि मी ते खाल्लं, झाला समेट. पण मी म्हटलं ते म्हटलंच. तुला कशातच रस नाही, असं मी त्या दिवशी तुला म्हणाले, आणि तू ते ऐकून घेतलंस. एक शब्द बोलला असतास की मला जिना चढवत नाही! मी जन्मभर जिन्याखाली बसले असते. तू मला तसं बोलू दिलंस, हा माझ्यावर केलेला अन्याय आहे, मग तुझा हेतू काहीही असो.

संध्याकाळी मोहम्मद अली रोडला गेलो. तू नळी निहारी मागवलीस. वर चकाकणारी तेलाची तर्री बघून मी म्हटलं, "अरे, हे जरा जास्तच आहे." तू म्हणालास, "तुझ्यासाठी आलोय, तू खा." पण मला एकटीला काय खाववणार? मी सगळ्यात मोठी नळी उचलून तुझ्या ताटात घातली. तू ती चोखून खाल्लीस, माझ्याकडे बघत. वाढणारी मी होते, महेंद्र. तुला नको म्हणायचं होतं की नाही कोण जाणे, पण मला नको म्हणायची संधी तू ठेवलीच नाहीस. तुझ्या ताटात काय घालायचं नाही, हे माहीत असण्याचा हक्क बायकोचा नाही तर कुणाचा?

दुसऱ्या दिवशी छोटं म्युझियम. मुंबईच्या जुन्या लोकांच्या मातीच्या बाहुल्या, काचेच्या कपाटात ओळीनं. तिथं तुला एक पोट सुटलेला माणूस सापडला आणि तू "हरेश! हरेश हाय हा!" म्हणून एवढ्या मोठ्यानं हसलास की पहारेकऱ्यानं बोट ओठावर ठेवलं. तू त्याचा फोटो काढलास. मग आठवलं की हा फोटो हरेशला दाखवता यायचा नाही, आपण हॉस्पिटलात आहोत. तेव्हा आपण दोघंही हसलो, तू जरा कमी हसलास. परत येताना पुलावर तू माझा हात धरलास तो पार पनवेल येईपर्यंत सोडला नाहीस. टॅक्सीवाला आरशातून बघत होता, मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. मग तू मला पढवलंस, "कुनी विचारलं तर सगळं नॉर्मल आलं, एवढंच बोलायचं. जास्त बोललीस की पकडली जाशील." मी दोनतीनदा म्हणून पाहिलं. सगळं नॉर्मल.

शिमग्याच्या आधी तू गेलास. कळंबोलीत, भर दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. त्याबद्दल मी लिहिणार नाही, ते सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे तेच बोलत असतात.

तू गेल्यावर पाचसहा दिवसांनी आपले डॉक्टर भेटायला आले. तुझ्या वडिलांपासून घरातल्या सगळ्यांना बघणारे, आपलीच माणसं म्हणायची. हॉल भरला होता. भावकी, मार्केटमधले लोक, आई खाली सतरंजीवर. डॉक्टर माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "मी त्यांना जानेवारीत अँजिओग्राफीला पाठवलं होतं ना, त्याचा रिपोर्ट काय आला होता? दाखवायला येतो म्हणाले, ते आलेच नाहीत."

हॉलमधली सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

त्या एका क्षणात मला इराण्याचं हॉटेल दिसलं, बाकडी दिसली, जिना दिसला. तू मला खोटं सांगितलं होतंस की आपण खोटं बोलतोय. सगळ्या घराला तू खरं सांगितलंस आणि एकट्या मला फसवलंस. कुणी इतकं हुशार असू नये रे. आणि मी काय केलं? तू पढवलेलं वाक्य तोंडातून आपोआप बाहेर पडलं. "सगळं नॉर्मल आलं होतं."

डॉक्टरांनी भुवया वर केल्या. "नॉर्मल? असं कसं?" मग पाणी पिऊन उठले. पण हरेशनं ते नेमकं पकडलं. डॉक्टर लिफ्टमध्ये शिरले नसतील तोच तो हॉलच्या मधोमध उभा राहिला. "नॉर्मल बोलून सोडला माज्या भावाला? वहिनी, तुमी कायपन काळजी करू नका. आमी सोडनार नाय त्यांना." सायलीनं, आपल्या लेकीनं, बंगळुरूला परत जाताना विचारलं, "आई, बाबांनी मलाही नॉर्मलच सांगितलं होतं. मग हॉस्पिटलनं चूक केली का गं?" मी तिची बॅग बंद करत राहिले.

तुला कळतंय का तू मला कुठं आणून उभं केलंस? रडायचं सोडून मी रोज हिशेब करत होते, की कोणतं खोटं मोडायचं आणि कोणतं ठेवायचं. खरं सांगावं तर माझा नवरा छातीत दुखणं घेऊन फिरत होता आणि मी त्याला नळ्या खायला घालत होते. न सांगावं, तर ज्या हॉस्पिटलनं तुझं नखही बघितलं नाही त्यांच्या दारात तुझा भाऊ जाऊन उभा राहणार. मी गप्प राहिले. मला वाटलं, हरेशचा राग आहे, चार दिवसांत उतरेल. पण उतरला नाही. तुझाच भाऊ तो.

कार्य आटोपल्यावरच्या रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये गलका ऐकू आला. मी गॅलरीतून बघितलं तर दोन गाड्या उभ्या. गव्हाणहून पोरं आली होती, मार्केटमधले आले होते. कुणीतरी तुझ्या फोटोचा बॅनर करून आणला होता. हरेश वर आला. "वहिनी, फाईल काढा, रिपोर्ट काढा. तुमी पुढं बसा, आये मधे बसंल." आईंनी नवी नऊवारी नेसली होती आणि त्या चपला घालून दारात उभ्या होत्या. "मी पन येनार," त्या म्हणाल्या. "त्या डाक्टरला मना बघायचा हाय."

मी त्यांचा हात धरून खाली गेले. पुढचं दार उघडून दिलं होतं. हरेशनं गाडी चालू केली. मी आत बसले नाही.

"गाडी बंद कर, हरेश."

"काय झालं?"

"फाईल नाही. रिपोर्ट नाही. आम्ही हॉस्पिटलात गेलोच नव्हतो."

मला वाटलं होतं माझा आवाज फुटणार नाही, पण वर्गात शिकवते तसा खणखणीत निघाला. सगळं सांगितलं. म्युझियम, दुसरं म्युझियम, हॉटेल, खाणं. तपासणी हे आमचं फिरायला जायचं निमित्त होतं, असं म्हटलं, आणि मला तसंच माहीत होतं, असंही म्हटलं. मागच्या गाडीतून एकेक पोरगा खाली उतरला आणि दुसरीकडे बघायला लागला. हरेशचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "म्हंजे तुमी मजा मारायला गेल्ता?" तो ओरडला. "माजा भाऊ मरायला टेकला होता न् तुमी म्युझियम बघत होतात? आन् आमाला सांगितलं नाय? मी खाली उभा ऱ्हायलो असतो ना!" शेवटचं वाक्य बोलताना त्याला रडू फुटलं. त्याचं बरोबर होतं. तो खाली उभा राहिला असता तर तुला तपासणी चुकवता आली नसती.

मी आईंकडे बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही. त्यांनीच माझा हात ओढला.

"काय काय खाल्लान गो त्यानं?" त्या म्हणाल्या.

पार्किंगमध्ये, त्या बॅनरसमोर, मी त्यांना सांगितलं. बन मस्का, एकच घास. धनसाक. नळी. आईस्क्रीम. त्यांनी एकेक पदार्थ विचारून घेतला, त्यात काय असतं, तिखट होतं का, पोटभर खाल्लान का. मग त्या गाडीच्या पायरीवर बसल्या आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. तू गेलास त्या दिवशीसुद्धा त्या तशा रडल्या नव्हत्या. हरेश त्यांच्याजवळ खाली बसला. गाड्या तशाच रिकाम्या परत गेल्या.

इथवर मला तुझा राग पेलवत होता. पण नंतर जे सुरू झालं ते सहन होत नाही. गोष्ट सगळीकडे गेली आणि जाता जाता गोड झाली. बायका येतात, माझा हात हातात घेतात आणि म्हणतात, "केवढा जीव होता गं त्यांचा तुझ्यावर! स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून तुझी हौस पुरवली." माझ्या शाळेतली एक जण तर रडली. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, म्हणाली. हरेशसुद्धा आता येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगतो. मी ऐकते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कुणी मागितले होते हे दोन दिवस? मला ते नको होते. मला तू हवा होतास, बिनमिठाचं जेवण बघून तोंड वाकडं करणारा, गोळ्या विसरणारा, अजून वीस वर्षं माझ्याशी भांडणारा. त्याच्या बदल्यात मी जगातलं एकही म्युझियम बघितलं नसतं. पुन्हा आत्याला घेऊन माथेरानला गेले असते.

परवा मी आपल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांच्याशी खोटं बोलले होते, ते पोटात राहत नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "त्या सकाळी हॉस्पिटलच्या दारातून त्यांचा मला फोन आला होता. म्हणाले, डॉक्टर, पाय आत जात नाहीत. उद्या केलं तर चालेल का? मी म्हटलं, उद्या म्हणजे उद्याच, टाळू नका. मिसेस आहेत ना बरोबर? तर म्हणाले, हो, हाय ना, इथंच शेजारी हाय."

मी रस्त्यापलीकडे बसले होते. तुझा बन खात होते.

म्हणजे हौस वगैरे काही नाही. तू जायला निघाला होतास आणि घाबरलास. एवढंच. सायलीला लस टोचायची तेव्हा बाहेर जाऊन उभा राहायचास, ते मला माहीत नव्हतं का? ट्रकवाल्यांना दम भरणारा माणूस सुईला घाबरतो, हे मी कधी कुणाला बोलले का? एकदा तरी त्यावरून हसले का? तिथून परत येऊन माझ्यासमोर बसायचं आणि म्हणायचं, भीती वाटते. दोन शब्द. त्याऐवजी तू मला अख्खं म्युझियम दाखवलंस.

हे मी हरेशला सांगितलेलं नाही. आईंनाही नाही, सायलीलाही नाही. त्यांच्याजवळ तू बायकोची हौस पुरवणारा माणूस म्हणून राहा, मी तिथं काही बोलणार नाही. तुझे पाय आत जात नव्हते, हे माझ्यापाशीच राहील. पण शेजारी आहे म्हणून सांगितलंस ना डॉक्टरांना? मग मला शेजारी घ्यायचं होतंस, महेंद्र.